जपानी टेस्टिंग मेन्यूला पहिल्यांदा जाताय? आमचे दहा हजार गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून

मागच्या वर्षी लग्नाला दहा वर्षं झाली म्हणून मी आणि नवरा ठाण्यात घोडबंदर रोडच्या एका महागड्या जपानी रेस्टॉरंटमध्ये नऊ कोर्सचा टेस्टिंग मेन्यू खायला गेलो. नाव लिहीत नाही, कारण कुणाचं दुकान बंद पाडायला हा लेख नाहीये. माणशी साडेचार हजार, टॅक्स वेगळा. घरी आलो तेव्हा पावणेबारा वाजले होते आणि मी ओट्यापाशी उभं राहून पातेल्यातलाच आमटी-भात खाल्ला, माझं बघून नवऱ्यानेही ताट घेतलं, आवाजाने सासूबाई उठून आल्या आणि म्हणाल्या, "अगं, जेवायला गेला होतात ना तुम्ही?"

आता इतक्या दिवसांनी शांतपणे विचार केला तर निम्मा दोष आमचाच होता. कुठल्या दिवशी जायचं, आधी काय विचारायचं, समोर आलेलं बरं की वाईट कसं ओळखायचं आणि वाईट असेल तर कधी बोलायचं, यातलं काहीच माहीत नव्हतं. नंतर पुष्कळ वाचलं, दोन-तीन ठिकाणी जाऊन खाल्लं, शेफ लोकांना प्रश्न विचारून पिडलं. तेच इथे क्रमाने लिहितेय.

पायरी १: काय खायला चाललोय ते आधी समजून घ्या

टेस्टिंग मेन्यू म्हणजे थाळी नाही. एक-दोन घासांच्या आठ-दहा डिश एकामागून एक येतात, मेन्यू ठरलेला असतो, तुम्ही फक्त खायचं. जपानीमध्ये याचे दोन प्रकार कानावर पडतील.

ओमाकासे म्हणजे "तुमच्यावर सोपवलं". त्या दिवशी जे चांगलं आलंय ते शेफ त्याच्या मनाने देतो. खानावळीत ओळखीच्या मावशींना आपण "आज ताजं काय असेल ते वाढा" म्हणतो ना, तेच, फक्त बिलात दोन शून्यं जास्त. यात शेफ समोर काउंटरच्या पलीकडे उभा असतो आणि एकेक निगिरी, म्हणजे हाताने दाबलेल्या भातावर माशाचा तुकडा, करून लगेच पुढ्यात ठेवतो.

कायसेकी वेगळं. चहाच्या समारंभाशी जोडलेली जेवणाची परंपरा, तिचं आजचं रेस्टॉरंटमधलं रूप म्हणजे ऋतूप्रमाणे ठरवलेला पूर्ण क्रम: आधी छोटा घास, मग कच्चा मासा, मग भाजलेलं, शिजवलेलं, आणि शेवटी भात, मिसो सूप (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट) आणि लोणचं. आपल्या पंगतीत मागचा भात असतो तसाच. ही गोष्ट मला फार आवडली, कारण म्हणजे तिकडेही भात आल्याशिवाय जेवण झालं असं धरत नाहीत.

आणि तिसरा प्रकार, जो आपल्याकडे सगळ्यात जास्त मिळतो: महिनोन्महिने तोच छापील मेन्यू, वर नाव ओमाकासे. त्यात चूक काही नाही, पण मग "आज शेफच्या मनात काय आलं" याचे जादा पैसे कशाला द्यायचे? आमचा हा तिसरा प्रकार होता आणि आम्हाला ते जेवताना, टेबलवर मेन्यूचं गुळगुळीत कार्ड आलं तेव्हा कळलं. कार्डावर तारीख नव्हती.

पोटाचा हिशोबही आधीच करून ठेवा. एका निगिरीत साधारण पंधरा ते वीस ग्रॅम भात असतो. सहा निगिरी म्हणजे झाला एक लहान वाटीभर भात. बाकीचे कोर्स धरूनही हे पोट फुटेस्तोवर जेवण नाही, त्यामुळे "एवढे पैसे देतोय तर दुपारचं जेवूच नको" हा माझा प्लॅन साफ चुकीचा होता. साडेचारला चहाबरोबर दोन पोहे-बिहे खाऊन जा, फार भुकेल्या माणसाला चव कळत नाही आणि रागही लवकर येतो.

पायरी २: कालनिर्णय बघा, मग माशाचा वार विचारा

हसू नका. आमचा लग्नाचा वाढदिवस मंगळवारी होता आणि नवरा मंगळवारी नॉनव्हेज खात नाही. बुकिंग झाल्यावर दोघांच्या लक्षात आलं, मग घाईघाईत फोन करून बुधवार करून घेतला. बुधवारी जागा अगदी सहज मिळाली, तेव्हाच शंका यायला हवी होती. संकष्टी, श्रावण, नवरात्र, घरात कुणाचं काय चालू आहे, हे सगळं बघून तारीख घ्या, कारण टेस्टिंग मेन्यूत अर्ध्या डिश परत पाठवण्यात काही मजा नाही.

पण खरा वार वेगळाच. कच्च्या माशाच्या या महागड्या मेन्यूंमध्ये बराचसा मासा बाहेरून विमानाने येतो. काही ठिकाणी थेट टोकियोच्या टोयोसू मार्केटमधून येतो, २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये जुन्या त्सुकिजीतला घाऊक बाजार हलवून तिकडे नेला, ते मार्केट. रोज नाही येत हां, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. आम्ही निघताना मी सहज वाढणाऱ्या मुलाला विचारलं की मासा कधी येतो, तर तो बिचारा निरागसपणे म्हणाला, "मॅम, थर्सडेला. उद्या फ्रेश येईल." म्हणजे आम्ही खाल्लेला मासा येऊन सहा दिवस झाले होते आणि हे आम्हाला बिल भरल्यावर कळलं.

इथे एक गोष्ट मात्र सांगायला पाहिजे, नाहीतर अर्धवट ज्ञान होईल. जुना म्हणजे वाईटच असं नाही. ट्यूनासारखा मोठा मासा मुद्दाम काही दिवस नीट थंडीत ठेवतात, त्याने चव खुलते. पण ते काम शेफने ठरवून केलेलं असतं, विचारलं तर तो अभिमानाने सांगतो. उरलेला मासा आणि मुरवलेला मासा यात तोच फरक आहे जो शिळ्या भातात आणि मुद्दाम आंबवलेल्या पिठात आहे.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते म्हणून पावसाळ्यात जाऊ नये असं एका मैत्रिणीने मला सांगितलं होतं. बाहेरून येणाऱ्या माशाला त्याचा काही संबंध नाही. लोकल मासा वापरणारी जागा असेल तर जरूर विचारा.

पायरी ३: ॲपवरून बुक करू नका, फोन करा

ॲपवर दहा टक्के सूट मिळते, मान्य. पण पाच मिनिटांच्या फोनमध्ये जे कळतं ते दोनशे रिव्ह्यूमध्ये कळत नाही, कारण रिव्ह्यूत निम्मे लोक ॲम्बियन्सबद्दल लिहितात. मी आता हे विचारते:

मासा कोणत्या वारी येतो? काउंटरवर जागा मिळेल का? निगिरी एकेक करून देता की सगळ्या एका पाटावर एकदम? मेन्यू शेवटचा कधी बदलला? त्या दिवशी मुख्य शेफ आहेत का? किती वेळ लागतो? आणि किमतीत काय धरलेलं नाही?

उत्तर काय येतं यापेक्षा कसं येतं ते ऐका. "मॅम, एक मिनिट, शेफला विचारून सांगतो" हे उत्तम उत्तर आहे. "मॅम, एव्हरीथिंग इज फ्रेश" हे उत्तरच नाही.

शक्य असेल तर थेट साडेचार हजारांवर उडी मारूच नका. आधी एखाद्या दुपारी त्याच जागी जाऊन तीन गोष्टी मागवा: दोन निगिरी, एक चावानमुशी (अंड्याचं वाफवलेलं कस्टर्ड), एक मिसो सूप. हजार-दीड हजारात किचनची सगळी कुंडली कळते. हे मला नंतर वाशीतल्या एका छोट्या जपानी जागेच्या शेफने सांगितलं आणि तेव्हापासून मी हेच करते, नवरा याला मुलगी बघायला जाणं म्हणतो, मी दुर्लक्ष करते.

पायरी ४: व्हेजवाल्यांनी आणि पथ्यवाल्यांनी हे नीट वाचा

"व्हेज टेस्टिंग मेन्यू आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी नावाचं पाणी, आपल्या कटाच्या आमटीत जसा कट तसं. नेहमीचं दाशी कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळापासून आणि बोनितो माशाच्या वाळवून किसलेल्या पापुद्र्यांपासून बनतं. म्हणजे मिसो सूपमध्ये वर फक्त टोफू तरंगत असला तरी खाली मासा असू शकतो. चावानमुशीत अंडं असतंच, पण तेही दाशीत फेटलेलं. टेम्पुराबरोबरच्या, म्हणजे जपानी भज्यांबरोबरच्या, चटणीवजा पाण्यातही दाशी. त्यामुळे प्रश्न असा विचारा: "दाशी कशाचं आहे?" फक्त कोम्बू आणि वाळवलेल्या शिताके मशरूमचं दाशी होतं आणि छान होतं, जपानमधल्या बौद्ध मठांमध्ये शोजिन र्‍योरी नावाची अख्खी शाकाहारी पद्धत आहे, त्यामुळे "जपानीमध्ये व्हेज जमत नाही" असं कुणी सांगितलं तर त्याला जमत नाही एवढाच अर्थ घ्यायचा.

सोया सॉसमध्ये गहू असतो, मिरिन नावाच्या तांदळाच्या गोड वाइनमध्ये अल्कोहोल असतं. जैन जेवण हवं असेल तर किमान दोन दिवस आधी सांगा. गरोदर बायकांनी कच्चा मासा टाळायचा, याच्यावर चर्चा नको.

कच्च्याची भीती वाटते म्हणून अजून एक. सुशी ग्रेड, म्हणजे कच्चा खाण्यालायक मासा, असा काही सरकारी शिक्का नसतो. परजीवी मारायला मासा उणे वीस डिग्रीला सात दिवस, किंवा उणे पस्तीसला गोठवून मग तिथेच पंधरा तास, असं अमेरिकेच्या एफडीएचं, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याचं, मार्गदर्शन आहे, म्हणजे फ्रोझन हा शब्द इथे शिवी नाही. उलट "आम्ही फ्रोझन वापरतच नाही" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर मलाच पोटात गोळा येतो. आणि हे सगळं वाचून चेंदणी कोळीवाड्यातनं बांगडा आणून घरी साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप, करू नका प्लीज, घरच्या फ्रीजरला ते झेपत नाही. बांगड्याला तिरफळ आहे, कोकम आहे, त्याला तसाच सन्मानाने जाऊ द्या.

पायरी ५: वेळेवर पोचा, आणि पोचलात की हे पाळा

काउंटरच्या ओमाकासेत सगळ्यांना एकदमच सुरुवात होते. आठ म्हणजे आठ. आम्ही नौपाड्यातून सव्वासातला निघालो आणि कापूरबावडीलाच आठ वाजले, पोचलो तोवर आमचा पहिला कोर्स टेबलवर येऊन बसलेला होता. तो थंड होता यात त्यांची चूक धरत नाही मी.

परफ्यूम मारून जाऊ नका. लग्नाचा वाढदिवस असला तरी. शेजारच्याला माशाऐवजी तुमचा मोगरा येतो.

चॉपस्टिक जमत नसतील तर निगिरी हाताने खा, जपानमध्ये सर्रास खातात, लाजायचं काहीच नाही, आपण तर हाताने जेवणारी माणसं. उलटी करून माशाची बाजू सोयाला टेकवायची, भाताची नाही, नाहीतर भात सुटून वाटीत पडतो. सोबत येणारं आल्याचं लोणचं निगिरीवर ठेवायचं नसतं, ते दोन घासांच्या मधे तोंड साफ करायला. चॉपस्टिक भातात उभ्या खुपसायच्या नाहीत आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही, दोन्ही त्यांच्याकडे अंत्यसंस्काराशी जोडलेलं आहे. आपल्याकडे भाताचा गोळा करून पानाबाहेर ठेवला तर आजी जशी ओरडेल तसं समजा.

वासाबीबद्दल, म्हणजे सुशीबरोबर येणाऱ्या झणझणीत चटणीबद्दल: ती हिरवी गोळी बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश, मोहरी आणि रंग यांची असते. खरं वासाबी महाग, आणि किसल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्याचा वास उडायला लागतो. त्यामुळे नकली असणं हा गुन्हा नाही, पण मेन्यूवर "फ्रेश वासाबी" लिहिलं असेल तर मूळ आणि किसणी दाखवा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

पायरी ६: भात

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि मला ती सगळ्यात उशिरा कळली.

आमच्या सहा निगिरी एका काळ्या दगडी पाटावर एकदम आल्या. वर चकचकीत मासा, एकावर सोन्याचा वर्ख, खालून ड्राय आइसचा धूर. नवऱ्याने फोटो काढले. मी पहिली तोंडात टाकली आणि भात गार. नुसता गार नाही, दाताखाली टणक, सकाळी फोडणीच्या भातासाठी फ्रीजमधून काढतो ना, तसा. मी भातावर वाढलेली बाई आहे, भात फ्रीजमध्ये ठेवला की त्याच्यातला स्टार्च घट्ट होतो आणि दाणा चिवट-टणक होतो हे मला कुठल्या पुस्तकात वाचायची गरज नाही. पण त्या क्षणी मी काय विचार केला माहितीये? "त्यांच्यात असाच खात असतील."

नाही खात. सुशीचा भात आखूड, चिकट दाण्याचा असतो, इंद्रायणीच्या जवळपास जाणारा म्हणा, कोलम नाही. गरम असतानाच त्यात व्हिनेगर, साखर, मीठ हलक्या हाताने मिसळतात आणि खाताना तो अंगाच्या उबेइतका कोमट असायला हवा, मासा गार आणि भात कोमट. चॉपस्टिकने उचलला तर तुटू नये आणि तोंडात गेल्यावर दाणा दाणा सुटावा. लाडूसारखा वळलेला असेल तर हात चुकलाय. आंबटपणा जाणवला पाहिजे पण तोंड वाकडं होता कामा नये. एखाद्या शेफला नीट जोखायचं असेल तर माशाकडे नाही, भाताकडे बघायचं, आणि ते आपल्याइतकं कुणाला जमणार?

निगिरी एकेक का मागायची हेही यातच आलं. सहा एकदम आल्या तर तिसऱ्या निगिरीला पोचेपर्यंत उब गेलेली असते. सुशीची ही पद्धत एकोणिसाव्या शतकात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, रस्त्यावरच्या गाड्यांवर वाढली. हातात घ्यायची आणि उभ्या उभ्या खायची वस्तू, आपल्या वडापावासारखी. वडापाव कधी कुणी पाटावर मांडून दहा मिनिटं फोटो काढत बसतं का?

पायरी ७: बाकीच्या डिश घरच्या मापाने मोजा

चावानमुशी म्हणजे वाफवलेलं अंड्याचं, गोड नसलेलं कस्टर्ड. याला आपलं माप खरवस. चांगल्या खरवसाला जाळी पडत नाही, चमचा घातला की रेशमासारखा कापला जातो, आणि आच जास्त झाली की भोकं पडून पाणी सुटतं. अगदी तेच इथे. आमच्या चावानमुशीला स्पंजसारखी जाळी होती.

टेम्पुरा म्हणजे भजी, उगाच घाबरू नका. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पीठ लावून तळायची कला जपानला नेली असं मानतात. तेच पोर्तुगीज इकडे ठाण्यात किल्ला धरून बसले होते, मराठ्यांनी तो १७३७ मध्ये घेतला, आणि जाताना आपल्याला पाव ठेवून गेले. तर भज्यांचा नियम: कढईतून ताटात. पीठ पातळ, कुरकुरीत, बोटाला तेल लागता कामा नये. आमचा कोळंबीचा टेम्पुरा धुराखाली झाकून आला, झाकण उघडलं तेव्हा दिसायला काय भारी, पण झाकलेल्या भज्यांचं काय होतं ते कुठल्याही सुनेला विचारा.

साशिमीखाली पाण्याचं थारोळं असेल तर मासा घाईत वितळवलाय. मधे बर्फाची कचकच लागली तर अजून वितळलेलाच नाही. आणि वास. वास आला तर विषय संपला, तो घास गिळायचा नाही, कितीही महाग असो.

मिसो सूप उकळतं नको पण गरम हवं, आणि ते आमच्याकडे सगळ्यात आधी आलं, कदाचित सूप म्हणजे स्टार्टर अशी आपली सवय धरून. त्याचा मला राग नाही. मेयोनेज, श्रीराचा नावाचा तिखट सॉस आणि ट्रफल ऑइल मात्र नऊपैकी चार डिशवर होतं. हे एखाद्या रोलवर ठीक आहे, मलाही आवडतं, पण जिथे तिथे दिसलं की समजा खाली काहीतरी लपवलंय, कोळंबी उतरली की गरम मसाला वाढवतात तसं.

साकेचं, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूचं, पेअरिंग (डिशला जुळणारा कप) बहुतेक वेगळ्या पैशांनी असतं. घेणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा की साकेत साधारण पंधरा टक्के अल्कोहोल असतं, छोट्या कपात येते म्हणून बिअरसारखी ढोसू नका.

पायरी ८: तोंड उघडा, आणि वेळेवर उघडा

चौथ्या कोर्सला कॅप्टन आला. "मॅम, सर, एव्हरीथिंग ओके?"

मी म्हटलं, "हो हो, व्हेरी नाइस."

तीच मी, नौपाड्यात कोळणीसमोर पापलेटाचा कल्ला उघडून बघते, सुरमईला बोट दाबून बघते, "मावशी, कालचा आहे हा" म्हणून तोंडावर सांगते आणि मावशी मला चार शब्द सुनावते, मीही दोन सुनावते, आणि शेवटी चांगला तुकडा घेऊनच येते. चारशे रुपयांच्या माशाला एवढी हुज्जत आणि नऊ हजारांना व्हेरी नाइस. कारण काय, तर मंद दिवे, कॅप्टनचं इंग्लिश, आणि आपल्याला यातलं कळत नाही असं उघडं पडेल ही भीती. भाताचं काय कळायचंय त्यात, सांगा ना.

तर कसं बोलायचं: दुसऱ्या-तिसऱ्या कोर्सलाच, अर्धं टाकून, आवाज न चढवता. "आवडलं नाही" म्हणू नका, त्यावर कुणी काही करू शकत नाही. "भात फ्रीजसारखा गार आहे, कोमट भाताची एक करून द्याल का?" असं नेमकं बोला. बहुतेक जागी बदलून देतात, उलट शेफ स्वतः येतो. सगळं चाटूनपुसून खाऊन मग बिलाच्या वेळी तक्रार केली तर कुणी ऐकत नाही आणि त्यात त्यांचंही चुकत नाही. वाशीला मी टेम्पुरा मऊ पडल्याचं सांगितलं तर शेफने काही न बोलता ताट उचललं, चार मिनिटांत नवीन आणलं आणि पुढची निगिरी थेट माझ्या तळहातावर ठेवली. प्रसाद देतात तशी. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

आणि वाढणाऱ्या पोरांवर राग काढू नका. भात त्यांनी लावलेला नसतो.

पायरी ९: बिल वाचा

आमचं बिल: दोघांचे ९,०००. दोन ग्रीन टी ७००, जो मी "हो चालेल" म्हणून घेतला आणि तो फुकट नव्हता, जपानमध्ये सुशीच्या दुकानात बहुतेक ठिकाणी असाच देतात म्हणून मी गृहीत धरलं. झाले ९,७००. त्यावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज ९७०, आणि मग या सगळ्यावर पाच टक्के जीएसटी, ५३३ रुपये ५० पैसे. एकूण ११,२०३ आणि वर पन्नास पैसे.

सर्व्हिस चार्ज हा टॅक्स नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की तो आपोआप बिलात टाकता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते नियम कायम ठेवले. तो काढा म्हटलं तर काढावा लागतो, ऐकलं नाहीत तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. तेवढं बोलायची हिंमत मला सगळ्यात शेवटी आली, नवरा टेबलाखालून पाय मारत होता तरी बोलले. बिल १०,१८५ झालं. एक हजार अठरा रुपये ५० पैसे वाचले, त्या संध्याकाळचा तेवढाच एक चविष्ट घास. ज्या मुलाने नीट वाढलं त्याच्या हातात दोनशे दिले.

जीएसटीचं अजून एक: नेहमीच्या रेस्टॉरंटला पाच टक्के, पण साडेसात हजारांच्या वर खोलीभाडं असलेल्या मोठ्या हॉटेलातलं रेस्टॉरंट असेल तर अठरा टक्के लागतो, म्हणजे चार हजारांच्या मेन्यूवर दोनशेऐवजी सातशेवीस. दारूवर जीएसटी नाही, व्हॅट, तो वेगळा छापलेला असतो. पाणी मागताना "साधं" असं स्पष्ट म्हणा, नाहीतर विकतच्या पाण्याची काचेची बाटली उघडतात.

पायरी १०: घरी

यंदा अकरावा वाढदिवस. शुक्रवार धरलाय, मासा गुरुवारी येतो त्या जागी, काउंटरच्या दोन खुर्च्या, निगिरी एकेक, सर्व्हिस चार्ज नाही, सगळं फोनवर विचारून झालंय. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, जा खुशाल. मग थोडं थांबून म्हणाल्या, कुकरला तुमचाही वाटीभर जास्तच लावते.